गेल्या वर्षासारखंच

डोक्याला आणि मिशीला कलप फासून सलूनवाला बाळासो शेजारच्या टपरीवर चहाला गेला, जाताना ‘साहेब, वाळेपर्यंत हलू नका, कानावर उतरंल’ असं बजावून गेला, आणि नेमका तेव्हाच विजयसिंह सरनोबतांच्या मांडीवरचा फोन थरथरला. चष्मा काढून ठेवलेला. खुर्चीवर पाठ टेकून, मान ताठ ठेवून, फोन हातभर लांब धरून त्यांनी वाचायचा प्रयत्न केला. आयकर खातं. असले फसवे निरोप हल्ली रोज येतात, कारखान्यातल्या एका फिटरचे पैसे गेल्याच महिन्यात असेच गेले, म्हणून ते फोन खाली ठेवणार होते. पण मधल्या ओळीत ज्ञानदेव असं नाव होतं. ज्ञानदेव पिराजी सरनोबत, नातं भाऊ. आपण आपल्या विवरणपत्रात या अपंग व्यक्तीच्या सांभाळापोटी वजावट घेतली आहे. ही व्यक्ती मुख्यतः आपल्यावर अवलंबून असल्याचा पुरावा सादर करावा. अन्यथा चूक मान्य करून सुधारित विवरणपत्र भरावं. इंग्रजीत होतं सगळं, पण इंग्रजीतून मराठीत येताना ते आणखीच उघडं पडत गेलं. सरनोबतांनी फोन पालथा घातला. समोर आरशात काळ्या लेपाची मिशी लावलेला एक गृहस्थ बसला होता. कलपाचा उग्र वास नाकात चढत होता, कानामागं काहीतरी ओघळत होतं, आणि हलायचं नव्हतं.

ज्ञानू. घरात कुणी त्याला ज्ञानदेव म्हटलंच नाही. कागदावर तेवढा तो ज्ञानदेव. सरनोबतांच्या पाठचा, पंचेचाळिशीतला, पण डोक्यानं पाच-सहा वर्षांच्या पोराएवढाच राहिलेला. आई होती तोवर त्याचं सगळं आईकडं होतं. चिमणाबाईनं त्याला न्हाऊ घातलं, भरवलं, दाढीसुद्धा तीच करायची, आणि दुसऱ्या कुणाला त्यातलं काही करू द्यायची नाही. ती गेल्यावर बाराव्याच्या दिवशी नातेवाईक पत्रावळीवरून उठता उठता एकमेकांकडं बघायला लागले, तेव्हा सरनोबतच म्हणाले होते, ज्ञानू माझ्याकडं राहील. हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं. मनापासून म्हटलं होतं हे त्यांना आत्तासुद्धा स्वच्छ आठवत होतं, आणि आठवून काही उपयोग नव्हता. ज्ञानू कोल्हापुरात, कळंब्याच्या फ्लॅटमध्ये आला. खाली सोसायटीच्या गेटवर उभा राहायचा आणि येणाऱ्या प्रत्येकाला मोठ्यानं विचारायचा, ‘कुठं गेलतासा?’ सगळे हसायचे, उत्तर द्यायचे. मग काही जण द्यायचे. मग लिफ्टमध्ये शेजारच्या बाईंनी आपल्या मुलीला जवळ ओढून घेतलेलं मोनानं पाहिलं. मोना, सरनोबतांची मुलगी, तेव्हा बारावीत. ती काही बोलली नाही. तिची आई, स्नेहल, काही बोलली नाही. सरनोबत कारखान्यातून आले की ज्ञानू त्यांच्या सदऱ्याला नाक लावायचा, मळीचा वास घ्यायचा आणि ‘गूळ’ म्हणायचा. तेवढ्या वेळात स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात वाजतात का, हे सरनोबत कान देऊन ऐकत असायचे. वाजत नसत. हाच त्रास होता. कुणी तोंडानं एक शब्द काढला असता तर त्याच्यावर चिडून ज्ञानूला ठेवून घेता आलं असतं. मग शिरोळहून आक्का आली, थोरली बहीण, आणि पोरीची परीक्षा होईपर्यंत महिनाभर नेते म्हणाली. तो महिना अजून चालू होता. मोना शिकून पुण्यात नोकरीलाही लागली.

बाळासो परत आला, त्यानं डोकं धुतलं, पुसलं, आरसा मागं धरून मानेवरची रेघ दाखवली. ‘दहा वर्षानं कमी झालासा बघा.’ सरनोबतांनी हसल्यासारखं केलं आणि पैसे देऊन ते थेट शाहूपुरीत प्रभुलिंगअण्णाच्या कचेरीकडं निघाले.

प्रभुलिंगअण्णा म्हणजे कारखान्याचा टॅक्सवाला. दर उन्हाळ्याच्या शेवटी, गाळप बंद असताना, तो कॅन्टीनमध्ये एका टेबलाशी येऊन बसे. कामगार, क्लार्क, अधिकारी, सगळे आपापले कागद त्याच्यापुढं टाकत, चहा पीत आणि उठून जात. त्याच्याकडून रिटर्न भरून घेणं हे कारखान्यात कुणाला काम वाटतच नसे. बेंदराच्या सणाला बैल धुवावा तसं ते एक वर्षाचं उरकायचं असे. मग चार-आठ दिवसांनी त्याचा फोन. ‘साहेब, गेल्या सालासारखंच की?’ ‘तसंच.’ ‘आकडा आला आसंल बघा, सांगा.’ फोनवर आलेले सहा आकडे सांगायचे, झालं. सरनोबत लॅबचे मुख्य केमिस्ट. रसाच्या नमुन्यातला साखरेचा उतारा पॉइंटाच्या पुढच्या दुसऱ्या घरापर्यंत तपासणारा माणूस. पण हे सहा आकडे त्यांनी कुठंही उभं राहून सांगितले होते. एकदा गाडी चालवता चालवता, एकदा लग्नाच्या पंगतीत, एकदा तर मालवणला पाण्यात गुडघाभर उभं राहून. लाट आली म्हणून शेवटचा आकडा पुन्हा सांगावा लागला होता, आणि स्नेहल किनाऱ्यावरून हसत होती. त्या वेळी आपण काय सांगत होतो? ज्ञानू माझ्याकडं राहतो, त्याला मी जेवू घालतो, असं सांगत होतो. समुद्रात उभं राहून.

कचेरी झेरॉक्सच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर होती. प्रभुलिंगअण्णानं कपाळावरची भस्माची बोटं सांभाळत घाम पुसला, फोन घेतला, वाचला, आणि त्याला काही वाटलेलं दिसलं नाही.

‘हे औंदा लई जणास्नी आलंय. बसा की.’

‘अण्णा, हे तुम्ही घातलंत कसं?’

‘मी काय माझ्या मनानं घातलं व्हय साहेब? पहिल्या साली तुम्हीच अपंगाचं सर्टिफिकेट आणून दिलतं. ऐंशी टक्के, कायमचं.’

‘पहिल्या साली तो होता माझ्याकडं.’

‘मग न्हाय म्हणून कधी सांगिटलासा?’

‘तुम्ही विचारायला पाहिजे होतं.’

‘इचारतो की. दर साली इचारतो. गेल्या सालासारखंच? तुम्ही म्हणता, तसंच.’

सरनोबतांचा आवाज चढला. खालून झेरॉक्सचा पोरगा वर बघायला लागला असेल, असं त्यांना वाटलं, तरी चढला. ‘तुम्ही याचे पैसे घेता अण्णा. आम्हाला यातलं कळत नाही म्हणून तर तुमच्याकडं येतो. चूक तुमची, आणि उत्तर मी द्यायचं?’

प्रभुलिंगअण्णा रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. ‘घेतो की पैसं,’ तो म्हणाला. ‘भरायचं घेतो. तुमच्या घरात कोण ऱ्हातंय, कोण न्हाय, ते बघायचं न्हाय घेत.’ आणि त्यानं कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडं वळवला. रिटर्नच्या तळाशी एक चौकट होती. सरनोबतांनी ती इतक्या वर्षांत एकदाही पाहिली नव्हती. मी, विजयसिंह, पिराजी सरनोबत यांचा मुलगा, गांभीर्यानं जाहीर करतो की वर दिलेली माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आणि पूर्ण आहे. प्रभुलिंगचं नाव कुठंच नव्हतं. बापाचं होतं. पिराजी जाऊन वीस वर्षं झाली होती. जिता असता तर मुलाच्या या गांभीर्यावर काय बोलला असता, हे सरनोबतांना त्याच्याच शब्दांत ऐकू आलं, आणि ते शब्द कचेरीत बोलण्यासारखे नव्हते.

पृथ्वीराज आठवला. लॅबमधला शिफ्ट केमिस्ट, पोरगेलासा. मागच्या हंगामात त्यानं हाताखालच्या माणसानं लिहिलेले आकडे न बघता खाली सही ठोकली, आणि ते चुकीचे निघाले. सरनोबतांनी त्याला सगळ्यांसमोर उभा करून विचारलं होतं, सही म्हणजे काय रे? सही म्हणजे मी बघितलं. न बघता करायची तर अंगठा कर. पोरगं कानापर्यंत लाल झालं होतं. त्या दिवशी घरी जाताना सरनोबतांना स्वतःचा थोडा अभिमानच वाटला होता. आता त्या अभिमानाची शिसारी आली.

‘वाटा दोन हाईत,’ प्रभुलिंगअण्णा सांगत होता. ‘एक तर कबूल करायचं. भाऊ माझ्यावर अवलंबून न्हाय, चुकून घातलं. मग मागचं सगळं निघंल, दंड, व्याज. तुम्हाला काय जड न्हाय. न्हायतर कागद द्यायचा. घरातल्या माणसानं लिहून दिलं, की ह्यो ह्यांच्याकडंच ऱ्हातो, हेच सांभाळत्यात, की मिटलं. आक्का हाईत न्हवं? त्यांची सही आणा. मजकूर मी करून देतो.’

रात्री, म्हणजे जेवणं झाल्यावर, स्नेहलला सांगितलं. ती मेथी निवडत होती. ‘भरून टाका ना पैसे,’ ती सहज म्हणाली. ‘पैसे भरायचे म्हणजे लिहून द्यायचं,’ सरनोबत म्हणाले. ‘मग द्या लिहून. खरंच आहे ते.’ मेथीची काडी मोडल्याचा आवाज झाला. ‘आणि माझ्याकडं असं बघू नका. ज्ञानूभावजींना मी कधी एका शब्दानं दुखावलं असेल तर सांगा.’ नव्हतंच दुखावलं. कुणीच कुणाला दुखावलं नव्हतं. इतक्या चांगल्या माणसांच्या घरातून एक माणूस हळूच बाहेर गेला होता आणि दार लावल्याचा आवाजसुद्धा झाला नव्हता. सरनोबत गॅलरीत जाऊन उभे राहिले. पैशाचं काहीच नव्हतं, ते खरोखरच जड नव्हतं. पण ते वाक्य. भाऊ माझ्यावर अवलंबून नाही. ते टाइप करायचं, खाली आपलं नाव, आणि मधे पुन्हा पिराजीचा मुलगा. ते वाक्य त्यांना लिहवत नव्हतं, साधी गोष्ट होती. खोटं सोपं होतं, कारण खोट्यात ते भले होते. इतकी वर्षं दर उन्हाळ्यात कुठंतरी सरकारदरबारी ते आपल्या भावाला सांभाळत होते, आणि हे आपल्याला माहीत नव्हतं असं ते अण्णाला सांगून आले असले तरी तेवढं काही खरं नव्हतं. पगारातून कापलेला कर दर साली थोडा परत का येतो हे न कळण्याइतके ते बावळट नव्हते. कळायचं, आणि कळल्यावर एक ऊबही वाटायची. म्हणजे अजून आहे तो आपल्याकडं. कुठंतरी आहे.

रविवारी ते कागद घेऊन शिरोळला निघाले. हातकणंगले, जयसिंगपूर, दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस. या रस्त्यावरून आपण किती वेळा आलो, हे मोजायचा मोह त्यांनी आवरला. महापुराच्या साली टीव्हीवर शिरोळचं पाणी दाखवत होते तेव्हा ते दोन दिवस फोन लावत होते. शेवटी लागला. आक्का कुठल्याशा शाळेत होती, ज्ञानूला दाजींनी खांद्यावर घेऊन काढलं होतं. ‘आम्ही बेस हाय. तू यिऊ नगं, रस्ता बंद हाय,’ ती म्हणाली. रस्ता बंद होताच. मग तो उघडला. मग गाळपाची तयारी सुरू झाली, बॉयलरचं काम निघालं. दिवाळीला गेले तेव्हा भिंतीवर छातीपर्यंत चिखलाची रेघ होती आणि ज्ञानू ती बोटानं दाखवत होता. पैसे त्यांनी पाठवले होते, खोटं कशाला बोला. सुरुवातीला दर महिन्याला पाठवले. मग एकदा आक्का म्हणाली, ‘पैसं नगोत रं. अधनंमधनं येत जा.’ त्यातलं पहिलं वाक्य त्यांनी ऐकलं. दाजी गेले, भाचा नोकरीला मुंबईकडं गेला, आता घरात आक्का आणि ज्ञानू असे दोघंच. आक्काला त्याचा लळा आहे, आता नेला तर तिलाच करमणार नाही, असं सरनोबत लोकांना सांगत. सांगून सांगून ते स्वतःलाही पटलं होतं.

ज्ञानू गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होता. दाढी केलेली, नखं काढलेली, अंगात स्वच्छ बंडी. केस कानाजवळ पांढरे झाले होते. कलप लावलेल्या थोरल्या भावाला ते एकदम दिसलं. ज्ञानूनं वर पाहिलं, आणि तासाभरापूर्वी कोपऱ्यापर्यंत जाऊन आलेल्या माणसाला विचारावं तसं विचारलं, ‘कुठं गेलतास?’

‘कारखान्यात,’ सरनोबत म्हणाले.

आक्का भिंतीला धरून उठली. गुडघे गेले होते तिचे. चहा झाला, मोनाची चौकशी झाली, उसाच्या तोडीचं झालं. मग सरनोबतांनी कागद काढला. टॅक्सचं काम आहे, एक सही लागते, असं काहीतरी ते घाईघाईनं म्हणाले. आक्का न बघताच पेन मागेल, असं त्यांनी धरलं होतं. तिनं पेन मागितलं नाही. पदरानं हात पुसले आणि म्हणाली, ‘वाच.’

‘साधंच आहे गं.’

‘वाच की. मला चष्म्याबिगर दिसत न्हाय.’

सरनोबतांनी वाचलं. मी, आक्काताई, लिहून देते की माझा धाकटा भाऊ ज्ञानदेव हा माझे बंधू विजयसिंह यांच्याकडे कायम राहण्यास असून त्याचे खाणेपिणे, औषधपाणी व सर्व सांभाळ तेच करतात. प्रभुलिंगचा मजकूर चांगला होता, कुठं अडखळायला होत नव्हतं. तरी ते दोनदा अडखळले. बाहेर म्हैस पाण्याची बादली ढुसण्या देऊन सरकवत होती. वाचून झाल्यावर त्यांनी मान वर केली, आणि आक्काच्या तोंडाकडं बघून ते चरकले. ती रागावली असती, रडली असती, तर त्याची तयारी त्यांनी गाडीतच केली होती. ती हसत होती. कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या होत्या, खांदे खाली आले होते, मैलभर डोक्यावरून आणलेला भारा कुणी उतरवून घ्यावा तसे.

‘न्यायला आलायस व्हय?’ ती म्हणाली. ‘मग आदी फोन न्हाय करायचा? त्याची कापडं धुऊन ठेवली असती. मला आता हुईत न्हाय रं इजू. न्हाणीत त्याला उचलाय गेलं की पाठ धरतीया. म्हटलं तुला कसं सांगायचं. तुझा तू म्हणशील कवातरी.’

म्हणजे लळा नव्हता असं नाही. असेलच. पण ती वाट बघत होती. इतकी वर्षं ती रोज वाट बघत होती, आणि सांगायचं कसं म्हणून गप्प होती. तीही यांच्यातलीच, सरनोबतांच्या घरातलीच, न बोलणारी. विजयसिंहांना एकदम खूप लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाच ते बोलत होते.

‘तसं नाही आक्का. हे नुसतं कागदावर.’

‘म्हंजे?’

‘म्हणजे तो इथंच. सरकारला दाखवायला फक्त.’

आक्कानं कागदाकडं पाहिलं. आठ्या पुन्हा जागच्या जागी आल्या. मग ‘बरं’ म्हणाली आणि पेनासाठी हात पुढं केला. ‘कुठं करू?’ त्यांनी जागा दाखवली. तिनं एकेक अक्षर कोरून काढलं. सही करून झाल्यावरही तिनं कागद सोडला नाही, त्यावर पंजा ठेवून बसली.

‘कुणी बघाय आलं तर?’

‘येत नाही कोण.’

‘आलं तर? त्यो हितंच दिसणार की.’

‘सांग, दोन दिवसांसाठी आलाय.’

‘मी सांगीन. पर त्याला इचारलं तर? त्याला कुठं खोटं बोलाय येतंय.’ मग तिनं गोठ्याकडं तोंड करून हाक मारली. ज्ञानू हात झटकत आला आणि उंबऱ्यात उभा राहिला. सरनोबत म्हणाले, ‘आक्का, राहू दे.’ पण ती थांबली नाही. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. आंघोळ कर, जेव, असं रोज ज्या आवाजात सांगत असेल त्याच आवाजात ती त्याला शिकवायला लागली.

‘ज्ञानू, कुणी इचारलं तू कुठं ऱ्हातोस, तर काय सांगायचं? कोल्हापुरात. इजूकडं. म्हण.’

‘कोल्हापुरात. इजूकडं.’

‘आन हितं?’

‘हितं म्हस हाय.’

‘तसं न्हाय. हितं दोन दिसासाठी आलोय. म्हण.’

‘हितं दोन दिसासाठी आलोय.’ त्याला ते आवडलं. तो पुन्हा म्हणाला. मग मोठ्यानं म्हणाला. मग तो विचारात पडला. विचारात पडला की त्याचा खालचा ओठ पुढं यायचा, लहानपणापासून. ‘दोन दिस झालं,’ तो म्हणाला. ‘लई झालं.’ आणि भावाकडं वळून, अगदी सरळ, त्यानं विचारलं, ‘मग न्यायला कवा येणार?’

सरनोबतांनी आक्काकडं पाहिलं. ती पेनाला टोपण लावत होती. टोपण बसेना, तिनं ते दोनदा दाबलं.

‘सांग की त्याला,’ ती म्हणाली. ‘मी नुसती सही केलीया. लिवून तू आणलंयस.’

ज्ञानू उंबऱ्यातून आत आला आणि उत्तरासाठी त्यांच्यासमोर उभा राहिला.